मेन्यू कव्हर आतून बाहेर ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राजारामपुरीत १४ टेबलांचं फॅमिली हॉटेल सुरू करताय, मटण थाळी आणि तांबडा-पांढरा हा मुख्य धंदा. ए-फोर आकाराची, खऱ्या चामड्याची, वर सोनेरी नाव असलेली ३२ मेन्यू कव्हरं करायची आहेत. चामडं कुठलं घ्यावं आणि ती दोन-तीन वर्षं टिकावीत म्हणून काय करावं?

चामड्याकडे येतो, पण जरा उशिरा. वरचं मटेरियल हलकं होतं म्हणून कव्हर वाया गेलं, असं फार कमी वेळा घडतं. दर बदलतात आणि पानं बदलायची सोय नसते, म्हणून आकड्यांवर चिकट्या लागतात. अस्तराची कड सुटते. सांध्याला चीर जाते. ओल्या फडक्याने पुसून थप्पी लावली की पावसाळ्यात बुरशी धरते. यातलं बहुतेक सगळं आतल्या बाजूचं आहे. म्हणून आधी पान, मग पान धरायची पद्धत, मग पुठ्ठा, मग वरचं कापड आणि सगळ्यात शेवटी नाव, या क्रमाने ठरवा. बहुतेक मालक नावापासून सुरुवात करतात आणि पानं कशी बसवायची ते बाईंडरकडे माल गेल्यावर आठवतं.

पानांचं आधी बघू. आर्ट कार्डवर छापून मॅट लॅमिनेशन केलेलं पान दिसायला छान, पण कापलेली कड उघडीच राहते. रश्श्याचा कट त्या कडेतून आत शिरतो आणि महिन्याभरात पानाला भोवती पिवळी-तांबडी किनार येते. न फाटणारा कागद, म्हणजे प्रेसवाले ज्याला एनटीआर म्हणतात तो, २०० ते २५० मायक्रॉनचा घ्या. मात्र प्रेसला एक गोष्ट आधी विचारा: मशीन लेझर टोनरची असेल तर कागद पॉलिएस्टरचा, त्या मशीनच्या उष्णतेला चालणारा हवा. साधा पॉलिप्रॉपिलीनचा घातला तर तो गरम रोलरमधून वेडावाकडा होऊन बाहेर पडतो, किंवा आतच चिकटतो. एनटीआर परवडत नसेल तर लॅमिनेशनचं पाऊच वापरा, पण चारी बाजूंनी ३ मि.मी. फिल्म कागदाबाहेर सोडा. भोकाचंही तसंच: कागदाला आधी ८ मि.मी.चं भोक पाडा, मग लॅमिनेट करा आणि त्याच जागी फिल्मला ५.५ मि.मी.चं भोक मारा. पाणी जायला वाटच उरत नाही.

पारदर्शक पीव्हीसीच्या खिशात लेझर प्रिंट सरकवायचं असेल तर थांबा. मऊ पीव्हीसीतला तेलकट अंश टोनरला सोडवतो, आणि पान बाहेर काढताना ‘मटण लोणचं’ खिशालाच चिकटून राहतं. खिसे हवेच असतील तर पॉलिप्रॉपिलीनचे मागा.

पानांवर काय कुठे जाईल, हेही कव्हराच्याच डिझाइनमध्ये धरा. मटणाचे सगळे पदार्थ एकाच पानाच्या दोन्ही बाजूंना ठेवा. सगळ्यात आधी दर बदलतो तो मटणाचा. तो बदलला की पाचातलं एकच पान नवं छापायचं, बाकी चार तशीच. आषाढात ज्या पानावर सगळ्यांचे डोळे असतात, ते श्रावणात मागे सरकवून शाकाहारी पान पुढे आणता येतं. फोन नंबर, जीएसटीची ओळ, शाखेचा पत्ता यातलं काहीही कव्हरावर ठोकून घेऊ नका, शेवटच्या पानावर टाका. कॅलरी लिहायचा नियमही पानापुरताच आहे. तो एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना लागतो, तुम्हाला आज नाही.

आता आकार. चौघांचं टेबल साधारण ३० बाय ४८ इंच असतं. एका बाजूला दोघं बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला ६१० मि.मी. येतात. ए-फोरचं कव्हर उघडलं की ४४० मि.मी. अडवतं, म्हणजे पाण्याचा ग्लास आणि शेजाऱ्याचं कोपर दोन्ही धोक्यात. उंच आणि अरुंद पान घ्या: १५० बाय २९७ मि.मी. उघडल्यावर ३०८ मि.मी. लागतात. छपाईतही ते बसतं. १३ बाय १९ इंचाच्या शीटवर, म्हणजे ३३० बाय ४८३ मि.मी.मध्ये, ब्लीडसकट (कापायला सोडलेल्या जादा कडेसकट) १५६ मि.मी.ची तीन पानं शेजारी शेजारी ४६८ मि.मी.त येतात. पाच पानांचे ४० संच करायचे तर ७० शीट पुरतात. ए-फोर दोनच बसतात, त्यामुळे तेवढ्याच पानांना १०० शीट जातात. अर्थात प्रत्येक थाळीचा मोठा फोटो द्यायचा असेल तर ए-फोरला पर्याय नाही, आणि मग वाटण्यापेक्षा टेबलावर एकच मेन्यू ठेवा.

३२ हा तुमचा आकडा बरोबर आहे. १४ टेबलांना दोन-दोन म्हणजे २८, चार शिल्लक. पानांचे संच मात्र ४० घ्या, कारण पानं कव्हरापेक्षा लवकर मरतात.

पानं धरायला तीन रस्ते आहेत. चार कोपऱ्यांत खाचा करून एकच पान अडकवायचं, हे दोन-चार पृष्ठांच्या मेन्यूला ठीक. मधोमध इलॅस्टिकची दोरी ओढायची, हे घडीच्या पानांना बरं. पण दोरी सैल पडते आणि पोरं तिच्याशी खेळतात. पाच सुट्या पानांना स्क्रू. बाईंडिंगचे मेल-फिमेल स्क्रू मिळतात, ते पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या. लोखंडावर मुलामा दिलेले पहिल्याच पावसाळ्यात गंजतात आणि गंजाचा डाग पानावर उतरतो.

स्क्रूची लांबी अंदाजाने आणू नका, बेरीज करा. भोक ज्या पट्टीत पडतं तिथे पुठ्ठा २ मि.मी., वरचं रेक्झिन (चामड्याऐवजी तेच का, ते पुढे सांगतो) ०.८, आत मुडपलेलं रेक्झिन पुन्हा ०.८ आणि अस्तर ०.५, म्हणजे ४.१ मि.मी. पुढचं-मागचं धरून ८.२. पाच पानांचे सव्वा मि.मी. मिळवले की ९.४५. म्हणून १० मि.मी.चा स्क्रू, आणि त्यात सात पानांपर्यंत वाढवता येतं. मुडपेची जाडी धरायचं विसरलं की ८ चा स्क्रू येतो, तो आटेच धरत नाही. उलट १२ चा आणला तर पानं खुळखुळतात आणि भोकं लांबट होत जातात.

प्रत्यक्ष मापं अशी. कव्हराचं पुढचं आणि मागचं पान वेगळं, पाठ नाही. अशा प्रत्येक पानाला २२ मि.मी.ची पट्टी, मग ८ मि.मी. मोकळी जागा, मग १२४ मि.मी.चा मुख्य पुठ्ठा. एकूण रुंदी १५४, उंची ३०५. मधली ८ मि.मी.ची जागा म्हणजेच सांधा. ती ५ ठेवली तर कव्हर पूर्ण उघडत नाही, गिऱ्हाईक दाबून उघडतं आणि चीर तिथेच जाते. १२ ठेवली तर कव्हर लुळं पडतं. भोकं कडेपासून ११ मि.मी.वर आणि वरून-खालून ८० मि.मी.वर, प्रत्येकी दोन. ३ मि.मी. ॲक्रिलिकचा एक साचा कापून घ्या आणि पानं, कव्हरं सगळी त्याच साच्याने भोसका. छापलेल्या पानाला २५ मि.मी.वर क्रीझ, म्हणजे घडीची रेघ, मारून घ्या, नाहीतर एनटीआर उघडं राहत नाही, फटकन मिटतं. म्हणजे मजकुराला रुंदीत साधारण ११० मि.मी. उरतात, डीटीपीवाल्याला हे पहिल्याच दिवशी सांगा.

पुठ्ठा म्हणजे बाजारात ज्याला कप्पा म्हणतात तो, २ मि.मी.चा. तीन मि.मी.चा भारदस्त वाटतो, पण ३२ कव्हरांची थप्पी वेटरला उचलवत नाही. कप्प्याला उभी-आडवी धार, म्हणजे तंतूंची दिशा, असते. हातात घेऊन दोन्ही दिशांनी थोडा वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्या घडीला समांतर धार. ही धार ३०५ च्या उंचीला समांतर हवी. आडवी गेली तर जुलैमध्ये कव्हर पन्हाळीसारखं वाकतं आणि टेबलावर ठेवलं की डुलत राहतं. कटिंग मास्टर वाचलेला तुकडा आडवा लावून शीट वाचवतो, म्हणून कटिंगच्या वेळी समोर उभं राहा.

वरच्या कापडाचं खरं उत्तर ‘अवलंबून आहे’ असंच आहे. संध्याकाळचं, मंद दिव्यांचं, दोन पानी मेन्यूचं ठिकाण असेल तर पूर्ण चामडं शोभतं. तुमच्याकडे दुपारी एकला गर्दी, रश्श्याच्या वाट्या आणि बोटांना तेल. कोल्हापुरी चपलेला जे वनस्पतीजन्य कमावलेलं चामडं लागतं ते पाणी आणि तेल दोन्ही पितं. कटाचा एक थेंब दहा मिनिटं राहिला की तो डाग कायमचा. त्यातल्या टॅनिनचं ओल्या लोखंडाशी जमत नाही, संपर्क आला की काळा-निळा डाग पडतो. क्रोमवर कमावलेलं चामडं पाण्याला बरं, पण त्यावर ठसा नीट बसत नाही. शिवाय तुमच्या कव्हरांचे ६४ तुकडे म्हणजे निव्वळ ४४.६ चौरस फूट, आणि कातड्याच्या वेड्यावाकड्या कडा, चट्टे सोडले तर ५५ ते ६० फूट विकत घ्यावं लागेल. आणि शाकाहारी गिऱ्हाईक वेगळं धरणार असाल तर चामड्याचा मेन्यू हातात घ्यायला काहींना आवडत नाही, तेही बघा.

माझा सल्ला: अंगाला कापडी पाठीचं पीव्हीसी रेक्झिन, ०.८ ते ०.९ मि.मी., बारीक दाण्याचं. खरं चामडं फक्त नावाच्या तुकड्याला. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं नकली चामडं, मऊ आणि चामड्यासारखं लागतं, पण दमट हवेत त्याच्या वरच्या थराचे पापुद्रे निघतात. पीव्हीसी इतकं देखणं नाही, तेलाने काही वर्षांनी कडक होतं, पण रोज पुसणं सोसतं. दुकानदार पीव्हीसीलाही पीयू म्हणून देतो. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, रेक्झिनच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर ते पीव्हीसी. हे उघड्यावर करा, धूर नाकात घेऊ नका. याच कारणाने पीव्हीसीवर लेझरने नाव कोरायला सांगू नका, त्यातून निघणारा वायू माणसालाही वाईट आणि मशीनलाही.

रंग गडद तपकिरी किंवा गडद मरून. अस्तरही गडदच. फिकट अस्तरावर हळदीचा डाग पडतो, वेटर साबणाने पुसतो आणि डाग लालभडक होतो, कारण हळद साबणाच्या अल्कलीत लाल होते. लिंबाने तो परत पिवळा होतो, पण जात नाही.

रेक्झिनचा पन्हा ५४ इंच, म्हणजे १३७० मि.मी. चारी बाजूंना १८ मि.मी. मुडप धरली तर एक तुकडा १९० बाय ३४१. पन्ह्यात ३४१ चे चार तुकडे, खाली १६ ओळी, ३.०४ मीटर. चार मीटर घ्या. काही तुकडे उभे, काही आडवे असं कापू देऊ नका; रेक्झिन पन्ह्याच्या दिशेने जास्त ताणतं आणि मग एकाच संचातली दोन कव्हरं वेगवेगळी वागतात. कोपरा तिरका कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ मि.मी. सोडा. अगदी टोकाला कापलं तर मुडपल्यावर पुठ्ठा उघडा दिसतो आणि तिथूनच पाणी पितो. कोपऱ्याला पितळी टोप्या लावायच्या असतील तर ४ मि.मी. फटीच्या घ्या. माझ्या मते नकोत, त्या टेबलाच्या सनमायकाला ओरखडतात.

आता ज्या जागी सगळ्यात जास्त कव्हरं सुटतात ती जागा. रेक्झिनची कापडी पाठ पुठ्ठ्याला पांढऱ्या फेविकॉलने उत्तम धरते. पण मुडपलेल्या भागात अस्तर बसतं ते कापडावर नाही, रेक्झिनच्या गुळगुळीत चेहऱ्यावर. तिथे पांढरा गोंद नुसता वाळतो, धरत नाही. अस्तर १४८ बाय २९९ चं कापलं, म्हणजे प्रत्येक कडेला ३ मि.मी. आत घेतलं, तर भोवतीची १५ मि.मी.ची पट्टी अशी फसवी असते. ती पट्टी बारीक सँडपेपरने घासा, पुसा आणि तिथे पीयूचं सोल्युशन लावा, जे चप्पल-बुटाच्या तळाला वापरतात. साधं रबर सोल्युशन पहिले काही महिने धरतं. पुढे पीव्हीसीतलं तेल त्याला मऊ करतं आणि कड उचलते. पीयू दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. चप्पल लाईनच्या आसपासच्या कारागिरांना हे समजावून सांगावं लागत नाही, कागदाच्या बाईंडरला लागतं.

अस्तर कागदाचं नको, सांध्यात ते घडीवर चिरतं. ०.५ मि.मी.चं पातळ रेक्झिन किंवा बाईंडिंगचं कापड घ्या. सांध्याच्या ८ मि.मी.त वरचं आणि आतलं कापड एकमेकांना पूर्ण चिकटलं पाहिजे. गोल काठीने दाबत न्या. मग दोन कव्हरांमध्ये कोरा कागद घालून वजनाखाली २४ तास, पावसाळ्यात ४८. आदल्या रात्री चिकटवून सकाळी उद्घाटनाला, हे करू नका.

नावाकडे येऊ. पुठ्ठा एकसंध २ मि.मी.चा न घेता पुढच्या पानाला १ अधिक १ असे दोन थर घ्या आणि वरच्या थरात ६२ बाय ४२ मि.मी.ची खिडकी कापा. रेक्झिन चढवताना त्या खळग्यात नीट दाबून बसवा. रेक्झिन भिंतींवर प्रत्येकी ०.८ खातं, म्हणून आत बरोबर ६० बाय ४० चा चामड्याचा तुकडा बसतो. तो ०.८ मि.मी.पर्यंत छिलून घ्या. खळगा १ मि.मी. खोल, म्हणजे चामडं पृष्ठभागापेक्षा किंचित खाली राहतं. थप्पीत घासत नाही, बोटंही कमी लागतात. ३२ तुकड्यांना निव्वळ एक चौरस फूटसुद्धा लागत नाही, दोन फूट आणा. वनस्पतीजन्य कमावलेलं, किंचित दमट करून ठसा मारला तर तो गडद आणि खोल उठतो, सोनेरी फॉइलची गरजच वाटत नाही. सोनं हवंच असेल तर चामडं कोरडं ठेवून फॉइल मारा, आणि दाणेदार रेक्झिनवर मुळीच नको, खळग्यांत फॉइल पोचत नाही. शेवटी मेणाचा एक पातळ हात.

ब्लॉक, म्हणजे ठसा मारायचा धातूचा साचा, ३२ ठशांना मॅग्नेशियमचा पुरतो, पितळी नको. रेघ आणि दोन रेघांमधली फट ०.४ मि.मी.पेक्षा कमी नसावी. देवनागरीत अडचण अशी की ‘रस्सा’मधला जोडाक्षराचा पोटातला पांढरा भाग आधी बुजतो, आणि अनुस्वाराचा टिंब शिरोरेघेला चिकटतो. टिंब थोडा मोठा आणि वर उचलून घ्यायला सांगा. फाईल कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षरं फॉन्ट न राहता आकृत्या होतात, आणि कर्व्ह केल्यावर पुन्हा वाचा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना ‘पांढऱ्या’चा ‘पांढर्या’ होतो, आणि ब्लॉकवर तो दुरुस्त होत नाही.

चित्र म्हणून कोल्हापुरी साज, कुस्तीची लाल माती, रंकाळ्याचा काठ, काहीही चालेल. अंबाबाईचा किंवा शाहू महाराजांचा फोटो मात्र टाळा. त्याच कव्हरावर मटणाचा हात पुसला जाणार आहे. आणि आत कोल्हापुरी चामडं लावलं म्हणून जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, चिन्ह छापू नका. ते मानांकन महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांतल्या चपलेला आहे, मेन्यूला नाही.

सगळी ३२ करण्याआधी दोन नमुने करून घ्या आणि त्यांचे हाल करा. एकावर तांबड्या रश्श्याचा चमचाभर कट अर्धा तास ठेवून पुसा. दुसरं ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा आणि सकाळी अस्तराची कड नखाने उचलून बघा. सांधा शंभर वेळा पूर्ण उघडून मिटवा. फॉइलवर चिकटपट्टी लावून झटक्याने काढा. नमुना यातून तरला तरच उरलेल्याचा ॲडव्हान्स द्या.

रोजच्या वापराला: एक लिटर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब, फडकं पिळून पुसायचं, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. चामड्याच्या तुकड्यावर ते ओलं फडकं फिरवू नका. सॅनिटायझर फवारू नका, अल्कोहोल रेक्झिनचा रंग आणि फॉइल दोन्ही सोडवतं. रात्री थप्पी नाही, स्टँडवर उभी ठेवा.

बिल मागताना ब्लॉक, कटिंग आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. काम झालं की ब्लॉक आणि ॲक्रिलिकचा साचा दोन्ही परत आणा, सोबत दहा जादा स्क्रू. वर्षभराने चार कव्हरं नव्याने करायची वेळ आली की बाईंडर बदलला तरी भोकं जुळतील.